डावं मागचं चाक

तळहातावर ठेवला तर वजन जाणवू नये एवढासा काळा तुकडा. एका कडेला चीर गेलेली, खोबणीत रबराचा भुगा बसलेला, आणि तरीही जिवंत. तिने हातातलं यंत्र त्याच्याजवळ नेलं, बटण दाबलं, आणि त्या तुकड्याने निमूटपणे आपला नंबर सांगितला. आठ आकडी. ज्या चाकात हा सेन्सर बसवलेला होता ते चाक काल दुपारी ताशी एकशे तीसच्या वेगात फुटलं, टायरच्या चिंध्या झाल्या, उघडी रिम डांबरावर ठिणग्या उडवत गेली, गाडी दोनदा गरगर फिरून दुभाजकावर आदळली — आणि हा आत बसून हवा मोजत होता. शून्य. शून्य. शून्य… कोणाला सांगत होता? नंबराचे शेवटचे दोन आकडे चव्वेचाळीस. तिने ते ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटले, मग मूठ मिटली, आणि चिरलेली कड तळव्यात रुतली तरी मिटलेलीच ठेवली.

समोर लिफ्टवर ती गाडी होती. विजेवर चालणारी, बुटकी, रुंद, धावायलाच जन्माला घातलेली. उजवी मागची बाजू अशी चुरगाळलेली की जणू कोणी कागदाचा बोळा करता करता मध्येच विचार बदलला होता. या गाड्यांना आवाज नसतो, हेच तिला कधी आवडलं नव्हतं. पेट्रोलची गाडी कुरकुरते, खोकते, दुखलं तर सांगते. ही मुकाट्याने पळते आणि जे काही सांगायचं ते पडद्यावर दोन शब्दांत सांगते. आणि पोटातल्या बॅटरीचं ओझं इतकं, की चाकात हवा थोडी कमी झाली तरी टायरची बाजू स्वतःलाच घासत राहते, तापते, आतल्या आत दळली जाते. सकाळी फाटलेल्या टायरच्या पोटात तिने हात घातला तेव्हा मूठभर भुगा निघाला. काळं पीठ. हे एका दिवसात होत नाही. याला पंधरा दिवस लागतात.

पंधरा दिवस ही गाडी सांगत होती — डावं मागचं चाक, हवा कमी. आणि फुटलं ते उजवं मागचं.

तीनदा आली होती त्यासाठी. गाडीवाला दातांचा डॉक्टर होता, नेटका माणूस, बोटं नेहमी धुतल्यासारखी. तीनही वेळा तिच्या धाकट्या भावाने गुडघे टेकून डाव्या मागच्या चाकाची हवा हातातल्या मीटरने मोजली आणि तीनही वेळा ती बरोबर बेचाळीस भरली. धाकटा इथे टायर बघायचा, ती इलेक्ट्रॉनिक्स. दहा वर्षं एकाच छपराखाली. तिसऱ्या वेळी त्याने विचारलं होतं, “ताई, चारही मोजून घेऊ का?” आणि स्कॅनरवरून नजर न उचलता ती म्हणाली होती, “कशाला? पडद्यावर डावं मागचं म्हणतंय ना. हवा बरोबर आहे म्हणजे सेन्सर खोटं बोलतोय. नवीन मागवते.” मग डॉक्टरकडे वळून, त्या समजावणीच्या गोड सुरात… कसा सूर होता माझा तो? “तोवर तो लाल दिवा लागला तरी लक्ष देऊ नका.” जॉबकार्डवर सही मात्र धाकट्याची. हवा तपासली, ठीक आहे. त्याची सही म्हणजे मोठी मोठी, शाळा अर्धवट सुटलेल्या मुलाची अक्षरं.

ती गाडीत शिरली. पडदा अजून लागत होता. एक कोपरा तडकलेला, पण लागत होता. पुढच्या सीटच्या पट्ट्यावर काहीतरी तपकिरी सुकलेलं होतं, तिकडे तिने पाहिलं नाही. पुन्हा खाली उतरली, डाव्या मागच्या चाकाच्या वॉल्व्हमध्ये पिन दाबून पाच मोजेपर्यंत हवा सोडली, सेन्सरला यंत्राने जागं केलं, आणि परत येऊन पडदा पाहिला. डावं मागचं कोरं. आकडा उजव्या मागच्या खाली होता, आणि तो उतरला होता. बेचाळीसचे एकोणचाळीस.

म्हणजे झालं.

गाडीला डावं-उजवं कळत नाही. चार चाकांत चार नंबर असतात, आणि कुठला नंबर कुठल्या कोपऱ्यात हे माणसाने तिला एकदा सांगावं लागतं. त्यानंतर ती तेच खरं मानते. तीन आठवड्यांपूर्वी चारही सेन्सर नवे बसवले तेव्हा हे आकडे तिनेच भरले होते, एकेक करून, याच सीटवर बसून. पुढची दोन झाली होती. मागच्या डाव्याचे आकडे टाइप करताना फोन वाजला. धाकट्याची बायको. “ताई, बाबा गेले. आत्ताच. मी त्यांना पाणी पाजत होते…” आणि तिने “बरं” म्हटलं, फोन मांडीवर ठेवला, आणि राहिलेले आकडे भरून टाकले. धाकट्याला सांगायला ती त्यानंतर गेली. चार मिनिटं त्याचा बाप मेलेला होता आणि तो शिट्टी वाजवत चाक घासत होता, आणि ती इथे बसून…

इथे बसून हसत होते मी. मोठ्याने नाही. पण गालांना कळत होतं.

चार मिनिटांत तिने चव्वेचाळीस डावीकडे टाकला आणि डावीकडचा उजवीकडे. उजव्या चाकात कुठेतरी खिळा शिरला, हवा थोडी थोडी जात राहिली, उजव्या सेन्सरने ओरडून सांगितलं, आणि गाडीने प्रामाणिकपणे तिचंच खोटं परत तिला ऐकवलं. डावं. डावं. डावं.

बाबा बर्फाच्या कारखान्यात होते. त्यांचे हात बाराही महिने गार असत, आणि म्हणून त्यांची थप्पड आधी थंड लागे आणि मग भाजे. दोन वेगळ्या गोष्टी एकामागून एक झाल्यासारख्या. आईला मारायचे तेव्हा ते बोलत नसत. शेजाऱ्यांना आवाज जायचा तो फक्त भांड्यांचा. आई एकदा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि त्यांनी दार लावलं. बोटं आत असताना लावलं, सावकाश, अंग टेकून, आणि आईने तोंडात पदराचा बोळा कोंबला कारण मुलं अभ्यासाला बसली होती. ती सोळाची, धाकटा तेरा. पण तेराव्या वर्षीच त्याचे खांदे बाबांएवढे झाले होते, आणि ती काडीसारखी. ते खांदे ती कित्येक महिने बघत होती. सायकल बघावी तसे. कधी चालवता येईल म्हणून.

आणि त्या संध्याकाळी… आई जमिनीवर, बाबांचा गुडघा तिच्या पाठीवर, बरगडीचा तो ओली फांदी मोडल्यासारखा आवाज. खुंटीला बाबांची बर्फ फोडायची लाकडी मोगरी. ती, थोरली, उठली, मोगरी काढली, धाकट्याच्या हातात दिली. त्याने तिच्याकडे बघितलं. तो नेहमी आधी तिच्याकडे बघायचा, पाण्यात उडी मारण्याआधी, जेवायला बसण्याआधी. ती म्हणाली, “आता.” पहिला घाव खांद्यावर. दुसरा कानावर. कानातून रक्त आलं आणि बाबा आश्चर्य वाटल्यासारखे खाली बसले. धाकटा थांबला, त्याने परत तिच्याकडे बघितलं, आणि ती म्हणाली, “अजून.”

तिसऱ्या घावाने बाबांचं बोलणं गेलं आणि अर्धं अंग गेलं. पोलिस आले तेव्हा आईने मुलाकडे बोट दाखवलं. मग त्यांनी थोरलीला, तिला, विचारलं — यानेच? — तेव्हा तिने होकारार्थी मान हलवली. खोटं काय होतं त्यात? यानेच. धाकटा तीन वर्षं सुधारगृहात होता. ती शिकली, बक्षिसं मिळवली, आकड्यांवर तिचा हात बसला. तो परतला तो मऊ आवाजाचा माणूस होऊन, आणि बाबांचं सगळं त्याने स्वतःकडे घेतलं, एकोणीस वर्षं चमच्याने भरवलं. वर्कशॉपमध्ये लोक त्याला पाठीमागे हातोडा म्हणत. नवा माणूस आला की कोणीतरी त्याला कोपऱ्यात घेऊन सांगे, याच्या वाटेला जाऊ नकोस, बापाला लोळवलंय त्याने. धाकट्याला हे ऐकू येई. तो मान खाली घालून चाक फिरवत राही.

बाराच्या सुमाराला डॉक्टर आला.

कालचाच शर्ट होता. छातीवर तपकिरी डाग, एक बाही खांद्यापाशी उसवलेली, कपाळावर पट्टी. मालक त्याच्यामागून लगबगीने येत होते, बसा, पाणी घ्या, आपण बघतोच आहोत म्हणत. डॉक्टर कोणाकडे बघत नव्हता. हातात जॉबकार्डची पिवळी प्रत.

“ही सही कोणाची?”

धाकट्याने हात पुसले आणि पुढे झाला. “माझी, डॉक्टर.”

पहिली थप्पड इतक्या सहज बसली की कोणाला ती थप्पड वाटलीच नाही. दुसरी मात्र सगळ्यांना दिसली. मग मुठी. डॉक्टरला मारता येत नव्हतं. अंगठा मुठीच्या आत घेऊन मारत होता, पण मारत होता, एक-एक शब्द आणि एक-एक ठोसा. “हवा — ठीक — आहे? ठीक — आहे?” धाकट्याच्या नाकातून रक्त आलं, ओठावर, हनुवटीवर, शर्टच्या खिशातल्या मीटरवर. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले होते. मालक “अहो, अहो” करत लांबच उभे होते. बाकीचे हातातलं काम थांबवून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर — तिने पाहिलं — वाट बघणं होतं. आता हातोडा उठेल. आता.

तिच्या हातात टॉमी होती, टायर उचकटायची, हातभर लांबीची. ती कधी उचलली ते आठवेना. तिला डॉक्टरचे दात दिसत होते, शिस्तीत लावलेले, पांढरे, आणि टॉमीचं चपटं टोक त्यांच्या मधोमध बसल्यावर ते कुठल्या क्रमाने सुटतील हेही दिसत होतं. आधी वरचे दोन, मग कोपऱ्यातला, मग ओठ फाटून नाकापर्यंत… इतकं स्पष्ट की घशात गोड आलं. माझ्या भावाला हात लावतोस? आणि त्याच वेळी, त्याच घशात, दुसरं काहीतरी. मार. तो मार माझा आहे, मला पोचता पोचता त्याच्या अंगावर सांडतोय, आणि तो खातोय, आणि आकडे भरणारी मी बाजूला कोरडी उभी आहे. पुन्हा.

डॉक्टर दम खायला थांबला. धाकट्याने मान वळवली आणि तिच्याकडे बघितलं.

तसंच. तेराव्या वर्षी बघितलं होतं तसंच.

शब्द तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आला. दोन अक्षरं. तिने तो म्हटला असता तर त्याचे हात सुटले असते याविषयी तिला तेव्हा शंका नव्हती; डॉक्टरचे ते नेटक्या बोटांचे दोन्ही हात त्याने कोपरातून काडीसारखे मोडले असते, आणि मग पुन्हा कोणीतरी तिला विचारलं असतं, यानेच? “माझी चूक आहे,” ती म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नाही. तिला स्वतःलाही नीट गेलं नाही. डॉक्टरने पुन्हा हात उगारला, आणि तिने टॉमी डोक्यावर नेऊन गाडीच्या मागच्या काचेवर घातली.

काच लगेच फुटली नाही. आधी पांढरी झाली, दुधासारखी. मग दुसऱ्या घावाने आत कोसळली, आणि ती तरीही मारत राहिली, काचेवर, पत्र्यावर, दिव्यावर, आधीच चेपलेल्या त्या बाजूवर. प्रत्येक घाव कोपरातून खांद्यात चढत होता आणि खांद्यातून दातांत. किती मारले ते तिने मोजले नाहीत. आकड्यांवर हात बसलेल्या बाईने मोजले नाहीत. थांबली तेव्हा वर्कशॉपमध्ये फक्त हवेच्या नळीचा सूं आवाज होता.

“आकडे मी भरले होते,” ती म्हणाली. “डावं उजवं मी उलटं केलं. तो चारही चाकं मोजायची म्हणत होता, मी नको म्हटलं. सही त्याची आहे, पण सांगणारी मी.”

 डॉक्टर टायरांच्या चळतीवर बसला आणि आपले हात पालथे करून बघू लागला. बोटांची सालं निघाली होती.

“मुलीने विचारलं होतं मला,” तो म्हणाला, कोणालाच न उद्देशून. “बाबा, तो लाल दिवा का लागलाय? मी म्हटलं, लक्ष देऊ नकोस, त्या बाईंनी सांगितलंय.” त्याने हात गुडघ्यांवर ठेवले. “नऊ वर्षांची आहे. आपटली तेव्हा जीभ दातांत सापडली. मी दाताचा डॉक्टर, आणि रस्त्याच्या कडेला तिच्या तोंडात बोटं घालून तो तुकडा धरून बसलो होतो… अर्धा तास. सात टाके. बोलेल म्हणतात. कसं बोलेल ते सांगत नाहीत.”

 तिने क्षमा मागण्यासाठी तोंड उघडलं, पण तोंडात जीभ आहे हे इतकं जाणवलं की मिटून घेतलं. मालकांनी तिच्या हातातून टॉमी अलगद काढून घेतली, जशी लहान मुलाच्या हातातून सुरी काढतात. “ताई, तुम्ही मागे जा. त्यालाही न्या. उद्या बोलू.” त्यांचा आवाज कडक नव्हता. तिच्यापासून ते एक पाऊल लांब उभे होते, एवढंच. आजवर ते अंतर लोक धाकट्यापासून ठेवत आले होते.

मागच्या बाजूला हात धुवायचं बेसिन होतं, वर टिचलेला आरसा. धाकटा उलट्या डब्यावर बसला, मान मागे टाकून. “पुढे वाक,” ती म्हणाली, “रक्त घशात जाईल.” तो वाकला. तिने कापूस ओला केला, नाकाखाली धरला, दुसऱ्या हाताने त्याच्या मानेचा मागचा भाग धरला. केस मागून पांढरे होऊ लागले होते. हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

“काच कशाला फोडलीस?” तो म्हणाला. कापसामुळे आवाज बसका. “मी खाल्ला असता मार. त्याची पोर आहे.”

“तू उठणार होतास.”

“नाही.”

“माझ्याकडे बघितलंस तू.”

“बघितलं. तू ठीक आहेस ना म्हणून.” तो जरासा हसला, आणि हसल्याने दुखलं म्हणून थांबला. “पण बरं केलंस. तू नेहमी वेळेवर येतेस. तेव्हासुद्धा.”

“तेव्हा म्हणजे?”

“बाबांच्या वेळी. थांब म्हणालीस ते.”

नळ नीट बंद झाला नव्हता. पाण्याची बारीक धार बेसिनच्या कडेवरून गुलाबी होऊन जात होती.

“मी काय म्हणाले?”

“थांब म्हणालीस. मोगरी मीच खुंटीवरून ओढली, दोन घातल्या, मग तिसरी उचलली ती डोक्याच्या मधोमध घालायची म्हणून. मारूनच टाकणार होतो. तू ओरडलीस, थांब. तेवढ्यात हात वळला आणि ती कडेला बसली. नाहीतर…”  तो शांतपणे, फार जुनी आणि वापरून गुळगुळीत झालेली गोष्ट सांगावी तसा म्हणाला, “सुधारगृहात मी सगळ्यांना सांगायचो. माझी बहीण थांब म्हणाली आणि मी थांबलो. तिथे कोणाकडेच असं काही नव्हतं, ताई. मला वाटायचं, ज्याला कोणाचं थांब ऐकू येतं तो वाईट माणूस नसतो. त्याच्यावरच तर काढली सगळी वर्षं. बाबांना भरवतानासुद्धा.”

तिने तोंड उघडलं. बावीस वर्षं ती ते वाक्य जपून होती; कोणाला सांगितलं नव्हतं, पण विसरलीही नव्हती. मी दिली तुझ्या हातात. मी म्हटलं अजून. रोज रात्री अंगाखालच्या दगडासारखं ते तिथे असे आणि तिला त्याचा आकार पाठ होता. आता तिने त्याला हात लावला तर तो हलला. ती सोळा वर्षांच्या त्या काडीसारख्या मुलीचा आवाज ऐकायचा प्रयत्न करू लागली — खोली, आई, मोगरी, धाकट्याचं बघणं, मग तिचं उघडलेलं तोंड… तोंड दिसत होतं. आवाज येत नव्हता. अजून, म्हणून बघितलं, तर ओठ तसे हलले. थांब, म्हणून बघितलं, तर तसेही हलले.

असं कसं? ज्या बाईने पंधरा दिवस उजव्याला डावं म्हटलं आणि तिला कळलं नाही…

नाही. मला आठवतंय. मी म्हटलं होतं.

आणि समजा म्हटलं होतं, तर आत्ता सांगून टाकणं म्हणजे त्याच्या पायाखालची फळी काढून घेणं. आणि न सांगणं म्हणजे, पुन्हा, मान हलवणं. ती हे दोन्ही नीट समोर ठेवून बघू पाहत होती, पण त्यांच्या मधून भलतंच काही वर येत होतं, आणि ते काय आहे हे ओळखायला तिला वेळ लागला, कारण या माणसाविषयी ते तिला कधीच वाटलं नव्हतं. राग. थेट, गार, आणि मग भाजणारा. मार त्याने घेतला, शिक्षा त्याने घेतली, बापाची सेवा घेतली, तीन आठवड्यांपूर्वी बापासाठी ढसाढसा रडणंही त्यानेच घेतलं. तिच्याजवळ तिचं म्हणून एकच होतं, तो शब्द, आणि आज डब्यावर बसून, रक्ताळलेल्या तोंडाने, इतक्या मायेने, त्याने तोही काढून घेतला होता. काय राहिलं माझं? चांगला आहेस ना तू? किती चांगला आहेस?

“ताई,” तो म्हणाला, “दुखतंय.”

तिने पाहिलं तर कापूस पूर्ण लाल झाला होता आणि तिची बोटं त्यातून त्याच्या नाकाच्या हाडावर रुतली होती, दुसरा हात मानेवर तसाच घट्ट. त्याने तिचा हात दूर केला नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या, पण तो हलला नाही. मान तिच्या हातात देऊन, विश्वासाने, नुसता बघत होता. हात सैल करायचा हे तिला समजत होतं. बोटांपर्यंत ते अजून पोचत नव्हतं.